असमानता सोडवायची कशी: चिन्ह कधी उलटायचं आणि कधी नाही

बऱ्याच वर्षांनी एका प्रवेश परीक्षेसाठी मी पुन्हा बीजगणिताची वही उघडली. समीकरणं दोन दिवसांत हातात बसली. असमानतांचं मात्र काही केल्या जमेना. दहा उदाहरणांपैकी तीन-चार हमखास चुकायची, आणि गंमत म्हणजे आकडा बरोबर यायचा, चिन्ह तेवढं उलटं. उत्तरसूचीत क्ष > −५, माझ्या वहीत क्ष < −५. 'ऋण असलं की चिन्ह उलटायचं' एवढंच शाळेतलं वाक्य डोक्यात उरलं होतं. ते वाक्य अर्धवट आहे आणि निम्मे घोटाळे त्यातूनच होतात, हे कळायला मला आठवडा लागला. तुमचा तो आठवडा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

बसण्याआधी काय हवं

- ऋण संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार न अडखळता करता आले पाहिजेत. इथे कच्चं असेल तर आधी तेच पक्कं करा.
- एका चलातलं साधं समीकरण सोडवता यायला हवं. कंस सोडवणं, लसाविने गुणून छेद घालवणं, एवढं पुरे.
- वही, पेन्सिल, खोडरबर. प्रत्येक उदाहरणाखाली एक आडवी रेघ ओढायची आहे, म्हणून पट्टी असली तर बरं.
- कॅल्क्युलेटर लागत नाही. इथल्या चुका आकडेमोडीच्या नसतातच.

१. चिन्ह नीट वाचा

चिन्हं चार: < (पेक्षा लहान), > (पेक्षा मोठा), ≤ (पेक्षा लहान किंवा समान), ≥ (पेक्षा मोठा किंवा समान). बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्डच्या पुस्तकात पहिल्यांदा छापलं गेलं. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांहून अधिक 'समान' काय असणार, असा त्याचा विचार होता. < आणि > ही चिन्हं आली १६३१ साली, थॉमस हॅरियटच्या पुस्तकात. ते छापलं गेलं तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती. दोन्ही चिन्हांकडे एकत्र पाहिलं की पाठांतर लागत नाही. बरोबरच्या चिन्हात रेघांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं, असमानतेच्या चिन्हात एकीकडे ते शून्य होतं आणि दुसरीकडे उघडतं. उघडी बाजू मोठ्याची, टोक लहानाचं.

आता पहिला सापळा. ८ > क्ष असं लिहिलं असेल तर घाईत क्ष > ८ असं उतरवून घेतलं जातं. दोन्हींचा अर्थ अगदी विरुद्ध आहे. बाजूंची अदलाबदल केली की चिन्हाचं तोंडही फिरतं: ८ > क्ष म्हणजे क्ष < ८. मी अजूनही असं काही दिसलं की मनात मोठ्यानं वाचते, 'आठ मोठा, क्ष लहान', आणि मगच लिहिते.

२. उत्तर कसं दिसणार ते आधी ठरवा

समीकरणाचं उत्तर बहुतेक वेळा एक आकडा असतो. असमानतेचं उत्तर म्हणजे संख्यांचा अख्खा पट्टा. क्ष < ३ म्हणजे २ आणि १ तर आलेच, २.९९ आला, −४०० सुद्धा आला. म्हणून उत्तर संख्यारेषेवर काढायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सीमेवरची संख्या उत्तरात नसेल (< किंवा >) तर पोकळ वर्तुळ, असेल (≤ किंवा ≥) तर भरीव ठिपका, आणि तिथून योग्य दिशेला जाड रेघ.

क्ष कुठल्या संख्यांमधून घ्यायचा हेही प्रश्नात बघा. क्ष < ३ आणि क्ष नैसर्गिक संख्या असेल तर उत्तरात फक्त १ आणि २ उरतात. वास्तव संख्या असतील तर अगणित. काहीच सांगितलं नसेल तर वास्तव संख्या धरायच्या.

३. बेरीज-वजाबाकी बिनधास्त करा

दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवा किंवा वजा करा, चिन्हाला धक्का लागत नाही. ती संख्या ऋण असली तरीही. संख्यारेषेवरचे दोन ठिपके एकाच दिशेला सारखेच सरकवले तर कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे बदलत नाही. त्यामुळे पक्षांतर समीकरणासारखंच: क्ष + ९ < ४ पासून क्ष < −५. उत्तर ऋण आलं म्हणून चिन्हाला हात लावायचा नाही.

४. गुणाकार-भागाकार करताना थांबा

सगळा विषय इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

धन संख्येनं गुणलं किंवा भागलं तर चिन्ह तसंच राहतं. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं तर उलटतं. शून्यानं भागता येत नाही आणि गुणलं तर दोन्ही बाजू शून्य होऊन उदाहरणच संपतं.

का उलटतं ते एकदा स्वतःच्या हातानं काढून बघा. रेघ ओढा, मधे शून्य, उजवीकडे २ आणि ५. दोघांत ५ शून्यापासून अधिक लांब आहे. आता दोघांना −१ ने गुणा. दोन्ही ठिपके शून्याच्या पलीकडे जातात, जणू शून्यावर आरसा उभा केला आहे. जो जास्त लांब होता तो पलीकडेही जास्त लांबच पडतो, पण डावीकडे लांब म्हणजे लहान. २ < ५ होतं, आता −२ > −५.

हेही पटत नसेल तर दुसरा मार्ग आहे, मला तोच जास्त आवडतो. −क्ष < ५ घ्या. गुणाकाराचं नावच काढू नका, फक्त तिसऱ्या पायरीतली बेरीज-वजाबाकी वापरा. दोन्ही बाजूंत क्ष मिळवा: ० < ५ + क्ष. दोन्ही बाजूंतून ५ वजा करा: −५ < क्ष. म्हणजेच क्ष > −५. चिन्ह कुणीही उलटलं नाही, क्ष फक्त डावीकडून उजवीकडे गेला. नियम वरून लादलेला नाही, तो बेरजेतूनच निघतो.

आता एक पूर्ण उदाहरण:

७ − ३क्ष ≥ १९
−३क्ष ≥ १२ (दोन्ही बाजूंतून ७ वजा)
क्ष ≤ −४ (−३ ने भागलं, चिन्ह उलटलं)

आणि माझी लाडकी चूक:

४क्ष > −२०
क्ष < −५ (चूक)

इथे ऋण चिन्ह दिसलं आणि माझा हात आपोआप फिरला. पण भागलं कशानं? ४ ने. चार धन आहे. −२० हा ज्याला भागायचं तो आकडा आहे, त्याचं चिन्ह काय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. बरोबर उत्तर क्ष > −५. तेव्हापासून मी प्रत्येक भागाकाराच्या ओळीशेजारी 'कशानं' ते लिहिते: (÷ ४), (÷ −३). दोन सेकंदांचं काम आहे आणि माझ्या चुका त्यानंच थांबल्या.

उलटायची भीतीच वाटत असेल तर क्ष ज्या बाजूला धन राहील तिकडे न्या. ७ − ३क्ष ≥ १९ मध्ये ३क्ष उजवीकडे आणि १९ डावीकडे: −१२ ≥ ३क्ष, म्हणून −४ ≥ क्ष. उत्तर तेच, उलटापालट नाही. फक्त शेवटी वाचताना पहिल्या पायरीतला सापळा आठवा.

५. ताळा पाहा, तोही तीन आकड्यांचा

समीकरणात उत्तर परत घालून पाहिलं की झालं. असमानतेत तीन संख्या घाला: सीमेवरची एक, उत्तराच्या आतली एक, बाहेरची एक. वरच्या क्ष ≤ −४ साठी:

- सीमा, −४: ७ + १२ = १९. दोन्ही बाजू समान, म्हणजे आकडा बरोबर.
- आतली, −५: ७ + १५ = २२, आणि २२ ≥ १९ खरं आहे.
- बाहेरची, ०: ७ ≥ १९ खोटं आहे. तसंच हवं.

सीमेवरच्या संख्येनं आकडेमोड तपासली जाते, बाकी दोघींनी दिशा. नवखी मंडळी फक्त सीमा तपासतात आणि खूश होतात. माझं उलट्या चिन्हाचं उत्तर सीमेच्या ताळ्यात दर वेळी पास व्हायचं. बाहेरची संख्या म्हणून शून्य चालत असेल तर शून्यच घ्या, आकडेमोड जवळजवळ करावीच लागत नाही.

६. कंस आणि छेद असतील तर

(क्ष − १)/२ − (२क्ष + ३)/५ < १

छेदांचा लसावि १०. तो धन, म्हणून निर्धास्त गुणा:

५(क्ष − १) − २(२क्ष + ३) < १०
५क्ष − ५ − ४क्ष − ६ < १०
क्ष − ११ < १०
क्ष < २१

दोन जागा जपायच्या. उजवीकडच्या १ लाही १० ने गुणायचं आहे. आणि −२ कंसात शिरताना ३ चं −६ होतं, +६ नव्हे. ताळा: क्ष = २१ घातलं तर १० − ९ = १; क्ष = ११ घातलं तर ५ − ५ = ०, जे १ पेक्षा लहान; क्ष = ३१ घातलं तर १५ − १३ = २, जे लहान नाही. जमलं.

कधी कधी क्ष गायबच होतो. २(क्ष + ३) > २क्ष + १ सोडवलं तर उरतं ६ > १. हे नेहमीच खरं, म्हणून कुठलीही वास्तव संख्या चालते. उलट १ > ६ असं उरलं तर उत्तरच नाही. दोन्ही वेळा तुमचं काही चुकलेलं नाही, तेवढं लिहा आणि पुढे चला.

७. शाब्दिक उदाहरणं: भाषेतून चिन्हात

'किमान', 'कमीत कमी', 'पेक्षा कमी नाही' म्हणजे ≥. 'कमाल', 'जास्तीत जास्त', 'पेक्षा अधिक नाही' म्हणजे ≤. 'पेक्षा कमी नाही' या शब्दांत 'कमी' दिसतं म्हणून < लिहून टाकणं ही फार सामान्य चूक आहे. शेवटचा 'नाही' वाचायचा राहतो. शंका आली तर स्वतःला विचारा, सीमेवरचाच आकडा चालेल का? चालत असेल तर चिन्हाखाली रेघ हवी.

तीन चाचण्यांत ६८, ८१ आणि ७० गुण आहेत, चौथी शंभर गुणांची आहे, चौघींची सरासरी किमान ७५ हवी. चार चाचण्यांची बेरीज ३०० च्या खाली जाता कामा नये: २१९ + क्ष ≥ ३००, म्हणून क्ष ≥ ८१. पण शंभराच्या वर गुण मिळत नाहीत, तेव्हा खरं उत्तर ८१ ≤ क्ष ≤ १००. अशी न सांगितलेली अट शोधायची जबाबदारी आपली.

दुसरी गोष्ट पूर्णांकांची. लिफ्टची क्षमता ५०० किलो, आत ६५ किलोचा माणूस, प्रत्येक खोकं १८ किलोचं. ६५ + १८क्ष ≤ ५००, म्हणजे १८क्ष ≤ ४३५, क्ष सुमारे २४.१७ पर्यंत. खोकी २४. आता १३० जणांना न्यायचं आहे आणि एका गाडीत ४० जण बसतात: ४०क्ष ≥ १३०, क्ष ≥ ३.२५. इथे ३ लिहिलं तर दहा जण मागे राहतील. गाड्या ४. शाळेतला 'जवळच्या पूर्णांकात' हा नियम इथे विसरा. कमाल असेल तर खाली, किमान असेल तर वर.

८. दुहेरी असमानता

−३ < ५ − २क्ष ≤ ९

तीन भाग आहेत, जे कराल ते तिन्हींना करा. ५ वजा केल्यावर −८ < −२क्ष ≤ ४. −२ ने भागल्यावर दोन्ही चिन्हं उलटतात: ४ > क्ष ≥ −२. लहान संख्या डावीकडे आणून लिहा: −२ ≤ क्ष < ४. फिरवून लिहिताना 'समान'ची रेघ −२ सोबतच राहिली पाहिजे. ती चुकून ४ कडे जाते.

हा 'आणि'चा प्रकार झाला, दोन्ही अटी एकदम पाळायच्या. 'किंवा' असेल, उदाहरणार्थ क्ष < −१ किंवा क्ष > ३, तर दोन तुकडे वेगवेगळेच लिहायचे. ३ < क्ष < −१ असं जोडलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. त्याचा अर्थ होतो ३ ही −१ पेक्षा लहान.

९. केवल मूल्य म्हणजे अंतर

|क्ष − ४| < ३ हे सूत्रानं सोडवण्याआधी वाचा: क्षचं ४ पासूनचं अंतर ३ पेक्षा कमी. ४ वर बोट ठेवा, दोन्हीकडे तीन घरं मोजा. १ < क्ष < ७. तसंच |क्ष − ४| ≥ ३ म्हणजे अंतर ३ किंवा जास्त: क्ष ≤ १ किंवा क्ष ≥ ७. लहान असेल तर मधला एक तुकडा, मोठा असेल तर बाहेरचे दोन. |२क्ष + १| < −५ असं काही आलं तर सोडवत बसू नका, अंतर ऋण नसतं, उत्तर नाही.

१०. क्ष छेदात असेल तर

हा सापळा चांगल्या चांगल्यांना पकडतो.

६/क्ष > २

सवयीनं क्षनं गुणलं: ६ > २क्ष, म्हणून क्ष < ३. आता ताळ्याला −१ घाला: −६ > २. खोटं! गडबड अशी की क्ष धन की ऋण हे माहीत नसतानाच आपण त्यानं गुणलं. चौथी पायरी विचारते 'कशानं', आणि आपल्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून दोन फाटे करा. क्ष धन असेल तर चिन्ह तसंच, क्ष < ३. म्हणजे या फाट्यात ० < क्ष < ३. क्ष ऋण असेल तर चिन्ह उलटतं, ६ < २क्ष, क्ष > ३. पण क्ष ऋण आणि तीनापेक्षा मोठा असा असूच शकत नाही, फाटा रिकामा. उत्तर ० < क्ष < ३.

याच कारणासाठी दोन्ही बाजू उलट्या करणं (२ < ५ पासून १/२ > १/५) किंवा दोन्ही बाजूंचा वर्ग करणं ही कामं डोळे झाकून करू नयेत. −५ < ३ खरं आहे, वर्ग केले की २५ < ९ होऊन बसतं.

११. वर्ग असेल तर: अवयव पाडा, तुकडे करा, तपासा

क्ष² − क्ष − ६ < ०

सगळं एका बाजूला, दुसरीकडे शून्य. अवयव: (क्ष − ३)(क्ष + २) < ०. गुणाकार शून्य कुठे होतो? −२ आणि ३ वर. हे दोन ठिपके संख्यारेषेचे तीन तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यातला एक सोपा आकडा मूळ पदावलीत घाला: −३ साठी ६, ० साठी −६, ४ साठी ६. ऋण फक्त मधे. उत्तर −२ < क्ष < ३. एका तुकड्यात एक आकडा पुरतो, कारण शून्य ओलांडल्याशिवाय या पदावलीचं चिन्ह बदलू शकत नाही.

क्ष² > ९ वरून थेट क्ष > ३ लिहिलंत तर निम्मं उत्तर हरवलं. −४ चा वर्गही १६ असतो. क्ष < −३ किंवा क्ष > ३.

हीच पद्धत छेदालाही लागू होते, आणि दोन फाट्यांपेक्षा ती पुष्कळदा सुटसुटीत पडते:

(क्ष + १)/(क्ष − २) ≤ ०

अंश शून्य होतो −१ वर, छेद २ वर. तीन तुकडे, तीन आकडे: −२ साठी १/४, ० साठी −१/२, ३ साठी ४. ऋण मधल्या तुकड्यात. आता सीमा. −१ वर पदावली शून्य होते आणि चिन्ह ≤ आहे, म्हणून −१ आत, भरीव ठिपका. २ वर छेद शून्य, तिथे पदावलीला अर्थच नाही, म्हणून चिन्हाखाली रेघ असली तरी २ बाहेर, पोकळ वर्तुळ. उत्तर −१ ≤ क्ष < २.